ओला तळवा

३ ऑगस्ट

नोकरी लागली! इस्पितळात, ग्रंथींच्या दुर्मीळ आजारांच्या विभागातल्या जुन्या फायली नव्या वहीत उतरवायच्या. खोलीला खिडकी आहे, टेबलाला कुलूप. हेडक्लार्क म्हणाले, ताई, इथले पेशंट फार गुणी, कधी कुरकुरत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी काम समजावलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. क्वचित तिच्यात गाठ होते आणि ती रक्तात नुसती भीती ओतते. घाम, धडधड, डोकेदुखी, आणि कारण काहीच नाही.

मी पेन खाली ठेवलं. यांना असंच व्हायचं. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनमध्ये गेले, तेव्हा लोक म्हणाले, धसक्यानं गेले. मीही त्यांना भित्रा ससा म्हणायचे.

११ ऑगस्ट

वाचनालयातून ग्रंथींवरचं जाडजूड पुस्तक आणलंय. ही गाठ लघवीच्या तपासणीत कळते; न कळता ऑपरेशन केलं तर जीवही जातो. तेव्हा कोणी तपासली असती तर... असो.

फायलींत एक गोष्ट सारखी येते. झटका आला की डावीकडे, मागे कोणीतरी उभं राहतं, खांद्यावर ओला तळवा ठेवतं. बाई म्हणाल्या, भीतीला माणूस रूप देतोच. गाठ काढली की तेही जातं. तीन फायलींवर मात्र शेरा आहे, 'गाठ नाही'. त्यांची पुढची पानं कोरी.

हेही जेवताना मागे वळून बघायचे. मी म्हणायचे, अहो, कोणी नाहीये, जेवा.

१९ ऑगस्ट

दुपारी तीनला धडधड. घामानं भिजले. डावा खांदा जड.

बाईंनी चोवीस तासांच्या लघवीसाठी कॅन दिला. सकाळची पहिली टाकून द्यायची असते. मी तीच जपून भरली. सगळं वाया. पुन्हा भरायचं.

गाठच निघू दे. गाठ काढता तरी येते.

२२ ऑगस्ट

पुन्हा तीनला. खांदा ओला. घरी सांगायला कोणी नाही, म्हणून लिहितेय.

क्षणभर वाटलं, हेच असतील. इतक्या वर्षांनी गाठ पडली असती. पण हे टॉवेलला हात पुसून मगच खांद्यावर ठेवायचे. माझे कपडे ओले होतील म्हणून.

२६ ऑगस्ट

रिपोर्ट आला. गाठ नाही.

बाई म्हणाल्या, सुटलात. हेडक्लार्क म्हणाले, ताई, आता चहा पाजा. सगळे हसले. मीही.

खोलीत आले. तीन वाजले —

डावीकडे —

अहो, तुम्हीच ना? तुम्हीच असा —

पण तुम्ही तर हात पुसून मगच —