चंद्रव्वा या नावाने ओ दिल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
धर्मादाय रुग्णालय, सोलापूर.

अर्जदार : गुरुबसप्पा मल्लप्पा हत्तुरे, वय ४८. काम : गिरणीच्या दरवाजावर झडती घेणे.

विषय : स्त्री कक्ष, खाट क्र. ७ येथील परिचारिका दुर्गाबाई यांच्या संशयास्पद मायेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. ४ फेब्रुवारी १९७४ चा अर्ज व त्यावरून आपण दि. ७ रोजी केलेली कारवाई.

महोदय,

१. अर्जदाराची आई शिवबाई, वय अंदाजे पंचाहत्तर, अंगणात पडून मांडीचे हाड मोडल्याने जानेवारीपासून आपल्याकडे आहे. पडल्यापासून तिला माणसे नीट ओळखू येत नाहीत. अर्जदार रोज चार ते सहा या भेटीच्या वेळेत येतो व दाराशी उभा राहून काय चालले आहे ते वहीत लिहितो. एकवीस वर्षे कामगारांची झडती घेतल्याने, कोणी उगाच गोड बोलू लागला की आधी त्याचा खिसा चाचपावा, हे अर्जदारास ठाऊक आहे.

२. वहीतील नोंद : दुर्गाबाईंनी नाडी पाहिली. नाडीस एक मिनिट लागते. हात अकरा मिनिटे धरून ठेवला. उरलेल्या दहा मिनिटांचा खुलासा मुख्य परिचारिका रंभाबाई यांच्याकडे मागितला असता त्या म्हणाल्या, "हत्तुरे, ती धा मिनिटं म्हातारीची हायती. तुमी कशाला मोजताय?" हा खुलासा समाधानकारक नाही.

३. खाटेची झडती. आईच्या पाटल्या हातातच होत्या. उशीखाली एक लाकडी फणी व खोबरेलाची निम्मी बाटली मिळाली. दोन्ही वस्तू रुग्णालयाच्या नाहीत, अर्जदाराच्या घरच्याही नाहीत. आईची वेणी घालण्यासाठी त्या स्वतःच्या घरून आणल्याचे दुर्गाबाईंनी कबूल केले. गिरणीत माल बाहेर जाताना पकडला जातो. कोणी माल आत आणून ठेवल्याचा प्रकार अर्जदाराने प्रथमच पाहिला. त्यामुळे संशय दुणावला.

४. (लिहून खोडले आहे. वाचू नये.)

५. मुख्य तक्रार. अर्जदाराची धाकटी बहीण चंद्रव्वा बावीस वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात वारली. आई दुर्गाबाईंना त्या नावाने हाक मारते व दुर्गाबाई ओ देतात. शब्दशः :

"चंद्रव्वा, कुटं गेलतीस गं?"
"हितंच हाय की, अव्वा."
"त्यो दारात कोन हाय?"
"आण्णा हाय की आपला."
"मग बस म्हन की त्याला. झडती घेतल्यावानी काय हुबा हाय?"

चंद्रव्वा अर्जदारास आण्णाच म्हणत असे. हे दुर्गाबाईंना कोणी सांगितले, याचाही तपास व्हावा. मयत व्यक्तीच्या नावाने ओ देणे ही तोतयेगिरी आहे, अशी तक्रार दि. ४ च्या अर्जात केली होती. आपण तत्परतेने दुर्गाबाईंना पुरुष कक्षात हलवले. आभारी आहे.

५. (क्रमांक पुन्हा तोच पडला आहे. राहू द्यावा.) दि. ७ पासून आईने अन्न सोडले आहे. नवीन परिचारिका कामात चोख आहेत, नाडी एका मिनिटात पाहतात. आई तोंड भिंतीकडे करते. "चंद्रव्वा आल्यावर जेवंन," म्हणते. डॉक्टर म्हणाले, असेच आठ दिवस चालले तर हाड जुळायची वाट पाहावी लागणार नाही. दुर्गाबाईंनीच आईस हे शिकवून ठेवले असावे, असा संशय येऊन अर्जदार पुरुष कक्षात गेला. त्या एका लकवा झालेल्या गृहस्थांना पेज भरवत होत्या. मान वर न करता त्यांनी एवढेच विचारले, "अव्वा जेवल्या का?" याची नोंद वहीत नाही.

६. काल दि. ११, दुपारी साडेचार. आईने हाक मारली, "चंद्रव्वा." जवळ कोणी नव्हते. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला अर्जदाराने ओ दिली.

आई म्हणाली, "घसा बसला व्हय गं तुजा?"

अर्जदार व्हय म्हणाला.

आंबील चार चमचे पोटात गेली. मग आईने हात मागितला. हात किती मिनिटे धरला होता हे सांगता येत नाही, कारण लिहायचा हात तोच होता.

७. तरी विनंती की,

(अ) दुर्गाबाईंना खाट क्र. ७ वर आजच परत आणावे. घसा बसल्याची सबब फार तर आणखी दोन दिवस चालेल. आईस संशय येऊ लागला आहे. आज तिने अर्जदाराचा तळहात बराच वेळ चाचपून पाहिला.

(ब) तोतयेगिरीची चौकशी करायचीच झाल्यास आरोपी दोन धरावेत.

(क) खोबरेल संपत आले आहे. नवीन बाटली आत आणण्याची अर्जदारास परवानगी मिळावी. दाराशी झडती घेतल्यास हरकत नाही.

निर्णय कळवण्यास शिपाई पाठवल्यास अर्जदार दारात सापडणार नाही. खाटेजवळच्या स्टुलावर पाहावे.

आपला नम्र,
गुरुबसप्पा मल्लप्पा हत्तुरे
सोलापूर, दि. १२ फेब्रुवारी १९७४

सोबत : वही, एक. परत नको.