एक टक म्हणजे चहा

४ मार्च
ठरलं! स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची. बावीस वर्षं त्या खुराड्यात घाम गाळला. आता मोकळा ओटा, उजेड, आणि गप्पा मारत फोडणी! सासरेबुवा एवढंच म्हणाले, "भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय, सूनबाई?"

मारलंय ना! त्यांची खुर्ची नेमकी त्या भिंतीला टेकून. घरात आवाज चढवायचा नाही हा त्यांचा बाणा, म्हणून काठीनं भिंत वाजवायची. एक टक – चहा. दोन – पाणी. तीनचं अजून काही ठरलेलं नाही, नशीब माझं!

९ मार्च
गवंडी आला. भिंत पोकळ आहे का बघायला त्यानं हातोडीचा एक ठोका दिला – आणि मी आतून सवयीनं चहा टाकला! नवरा हसून हसून लोळायचा बाकी. गवंडी कप संपवून म्हणाला, "ताई, बाकीच्या भिंतीपण तपासू का?"

१२ मार्च
पडली! नाकातोंडात धूळ. पण काय उजेड!

२० मार्च
ओटा बसला. झकास. पण घर गप्प. सासरेबुवा काही मागतच नाहीत. काठी मांडीवर, नजर माझ्या हातांकडे. चहाची वेळ टळली तरी तोंडातून ब्र नाही. विचारलं की, "असू दे, कामात आहेस." भिंतीला मागणं सोपं होतं, मला समोर बघून मागायचा त्यांना संकोच वाटतो.

२३ मार्च
नवऱ्याला म्हटलं, भिंतीबरोबर मी त्यांचा आवाजच काढून घेतला. "होईल सवय," म्हणे. डोंबलाची सवय! वाईट वाटतंय. फार. त्या टकटकीला किती नावं ठेवली मी.

२४ मार्च
सुताराकडून ओट्याला बाहेरच्या बाजूनं लाकडी फळी बसवून घेतली. खुर्ची तिथेच सरकवली. "बाबा, वाजवा की!" नुसते हसले. काठी हलली नाही.

२७ मार्च
दुपारी जरा आडवी झाले होते. टक. टक. टक.

तीन! धावत बाहेर आले. ओट्यावर दोन कप, वाफा येत होत्या. सासरेबुवा ओट्याच्या आत, माझ्या जागी उभे! "रोज बघत होतो कसा करतेस ते," म्हणाले. "भिंत होती तेव्हा कुठं दिसत होतं?"

"आणि तीन म्हणजे काय, बाबा?"

"तीन म्हणजे तू बस."

चहात साखर नव्हती. मी कप रिकामा केला, आणि फळीवर एक टक दिली.