बर्फातली बोय

शनिवार संध्याकाळ, महाड

काय करून बसले मी आज! समुद्रातल्या एका बेटाभोवतीची मासळी वाचवण्यावरच्या माहितीपटात त्याच समुद्राला मिळणारी आमची सावित्री नदीही हवी, म्हणून शूटिंगवाले आले होते. बाबांनी सात वेळा पाग फेकला. सातही वेळा जाळं रिकामं. मला वाटलं, हेच दाखवतील. पण दिग्दर्शक म्हणाले, "लोकांना आशा दिसली पाहिजे." मग बाजारातून बर्फातली बोय मासळी आणली. मीच.

बाबा म्हणाले, "नदीत बोय उरली नाय गो." तरी जाळ्यात ठेवण्याआधी त्यांनीच माशावरचा बर्फ पंच्यानं पुसला. जिवंत दिसावी म्हणून? कॅमेऱ्यापुढे बाबा हसलेसुद्धा. बर्फ पुसणारा तो हात डोळ्यांपुढून जात नाही.

शूटिंगवाल्यांची गाडी गेल्यावर बाबांनी आठव्यांदा पाग फेकला. मी वळून पाहिलं नाही.