अक्कासाठी कोंड्याच्या पोळ्या

३ मार्च
धारहून अक्काचा फोन. रिवाजाप्रमाणे एकेकाची खुशाली — सरलाचे गुडघे, माझा मुलगा अनीश याचं बीपी, धाकटी नात चिऊचा हलणारा दात. मग म्हणाली, "आणि उदाजीचा खोकला?"
उदाजी, आमचा मधला भाऊ. त्याला जाऊन वर्षं झाली.
मी म्हटलं, "बरा आहे." आणि फोन ठेवून दिला.

४ मार्च
सरला म्हणते, वयाचं विसरणं आहे, जीवाला घोर लावून घेऊ नका. बायको आहे, असंच म्हणणार. पण आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. अक्कानेच वाढवलं. माझं सगळं लहानपण तिच्या डोक्यात ठेवलेलं आहे — दुसरीकडे कुठेच नाही. तिथून गेलं की गेलंच.

७ मार्च
धारला आलो. डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. अक्का एकटी राहते. घरी पाहतो तर ओटा कोरडा ठाक. शेजारची अल्पना म्हणाली, "मामाजी, अक्का तर चाय-टोस्टवरच आहेत. सब्जी-डाळ कुछ नहीं."
संध्याकाळी नात उर्वीशी फोनवर बोललो. इंदूरच्या कॉलेजात ती आहारशास्त्र शिकते. म्हणे, आतड्यातले जंतू धान्या-डाळींचा न पचलेला चोथा खातात आणि त्याचं एक आम्ल बनवतात — ब्युटिरेट. त्याने आतड्याचं अस्तर धड राहतं, अंगातली सूज उतरते, आणि मेंदूलाही त्याचा आधार मिळतो. "टोस्टमध्ये त्यांना काय मिळणार, आजोबा? भूखे हैं बेचारे."
म्हणजे अक्काच्या पोटात एवढी गरीब प्रजा उपाशी! मला झोप कशी लागावी?

११ मार्च
मी एक शहाणपणा केला. कुठेसं वाचलं, हेच आम्ल तुपातही असतं. झालं! अल्पनाकडून बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, करवले, तुपात बुडवून अक्काला आग्रहाने वाढले. परवापासून तिचं पोट बिघडलंय. उर्वी चिडली. तूप वरच्यावरच पचतं, खालपर्यंत पोचत नाही. जंतूंनीच ते तिथे बनवायला हवं. त्यांना कोंडा द्या, सालीची डाळ, शिजवून गार केलेला बटाटा. वर म्हणाली, "पण ये दवाई नहीं है, आजोबा. बरंचसं अजून उंदरांवरच पाहिलंय. गोळ्या बंद करू नका."
उंदरांवर तर उंदरांवर. नुसतं बसून भ्यायचं किती?

२१ मार्च, शीतला सप्तमी
आज इथे कोणी चूल पेटवत नाही. कालचं रांधलेलं गार खायचं. अक्काने आपणहून देवीची पूजा केली, गार भात आणि बटाटे मागून घेतले. व्रत सगळं पाठ! जेवता जेवता मला म्हणाली, "नीळू, लहानपणी गार भात बघून तू भोकाड पसरायचास रे."
मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

२ एप्रिल
कणीक न चाळता पोळ्या मीच लाटतो. कोंडा सगळा आत. अक्का म्हणते, "खिडकी लाव, शेजारणी हसतील." खाते मात्र.
आज गॅस चालू ठेवून अंगणात बसली होती. मी घरात होतो म्हणून बरं. नसतो तर — नको.

८ एप्रिल
चहा घेताना अक्काने खुशाली विचारली. सरलाचे गुडघे. अनीशचं बीपी. चिऊचा दात पडला का? मग कपबशी खाली ठेवत — "उदाजी बिचारा लवकर गेला."
एकही चूक नाही! उर्वीला लगेच कळवलं. उद्या चार कपडे आणायला घरी, देवासला जाऊन येतो. कितीतरी दिवसांनी छाती हलकी वाटते आहे.

९ एप्रिल
निघताना अक्का दारापर्यंत आली. माझ्या हातात डबा ठेवला. आत मी लाटलेल्या पोळ्या.
"तुम्ही देवासला जाताय ना? एवढा आमच्या नीळूला द्याल? म्हणावं, अक्का वाट बघते. लवकर पत्र टाक."