रुपाली बाहेरगावी गेलीच नव्हती

पांढरकवडा,
डिसेंबर २००६

आदरणीय विमलताईस,
धाकट्या राजदीपचा मनापासून जयभीम.

ज्या घडीला रामराव कंडक्टरांनी देवीलालच्या नेट कॅफेचा पडदा बाजूला सारला आणि "आमच्या रुपालीच्या लग्नासाठी एक इमेल काढून दे," असं मला म्हटलं, त्या घडीला माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. पहिल्या तुकड्यात सांगण्यासारखं काही नाही (यवतमाळचं कॉलेज, प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडण, भर वर्गातून उठून थेट एसटी स्टँड, हे तुला पाठ आहे). दुसऱ्या तुकड्यात काय झालं त्यासाठीच हे पत्र. पण आधी रीतीप्रमाणे खुशाली. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची लोहाऱ्याच्या कारखान्यातली रात्रपाळी सुटली का? आईने तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे. ती मी रोज चाखून पाहतो, खराब तर झाली नाही ना म्हणून. आता डब्यात तळाशी उरली आहे, पण चांगली आहे.

इमेलचा एवढा उस्ताद असून हा कागदावर काहून लिहितो, असं तुला वाटेल. ताई, इमेलचं बटण एकदा दाबलं की गेलं. पत्र निदान पोस्टाच्या पेटीपर्यंत आपल्या हातात असतं, वाटेत शहाणपण सुचायला जागा राहते. मला शहाणपण नेहमी वाटेतच सुचतं.

तर कॉलेज सोडल्यापासून मी देवीलालच्या कॅफेत बसतो. देवीलाल तांड्यावरचा, स्वभावाने सोनं. यंदा कापसाने आमच्या गावाला दुसरं काही दिलं नाही, पण पत्रकार भरपूर दिले. दिल्ली-मुंबईहून येतात, दिवसभर खेड्यांतून फिरतात आणि संध्याकाळी आमच्या कॅफेतून फोटो पाठवतात. फोटो अर्धा गेला की लाईट जाते, मग ते इंग्रजीत ओरडतात. एक जण देवीलालला म्हणाला, जरा उदास चेहरा करून दारात उभे राहा. देवीलालचंही कपाशीचं वावर आहे. तो म्हणाला, "साहेब, उदास चेहरा मी घरी ठेवून येतो. दुकानात गिऱ्हाईक असते."

या फुकटच्या इमेलमधून किती कामं निघतात, ते मी तिथे बसून शिकलो. लोक पत्र उघडतात, वाचतात, बंद करतात. म्हणजे बैलगाडी दारात उभी असताना कापूस डोक्यावर वाहून न्यायचा. मी देवीलालचा सातबारा स्कॅन करून त्याचा त्यालाच मेल केला. आता उंदीर आले काय, पूर आला काय, सातबारा हलत नाही. बैलांच्या लसीची तारीख टाकून ठेवली तर मशीन आठवणीचं पत्र धाडतं (बैलाच्या नावाने नाही, देवीलालच्या). कोणाचं पत्र कोणत्या कप्प्यात जायचं तेही आधीच सांगून ठेवता येतं. एवढी ताकद हातात असलेल्या माणसाकडे रामरावांनी आपल्या पोरीचं लग्न सोपवलं, आणि तो माणूस त्या पोरीपायी तीन वर्षं झुरतो आहे हे त्यांना माहीत नव्हतं. (तुला माहीत होतं. विहारातली ट्यूबलाईट मी दर आठवड्याला काहून दुरुस्त करतो, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. रुपाली तिथे पोरांना शिकवते म्हणून. ट्यूब कधीच बिघडली नव्हती.)

त्याचं असं झालं की, वधू-वर मेळाव्याच्या पुस्तकात आता इमेल छापतात. इमेल नसेल तर नोकरीवाली मुलं फिरकत नाहीत, असं रामरावांना कोणीतरी सांगितलं. ते जन्मभर एसटीत कंडक्टर, त्यामुळे पत्त्याच्या बाबतीत फार कडक. नुसतं नाव टाकून त्यांचं समाधान होईना. मुक्काम पोस्ट पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ एवढं सगळं त्यांना इमेलच्या पत्त्यात पाहिजे होतं. मशीन म्हणे फार लांब झालं. मी जिल्हा काढायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "जिल्हा काढशील तर डाक चुकीच्या गाडीत बसन ना बापू!" शेवटी 'पोस्ट' गाळण्यावर तडजोड झाली. मुक्काम, तालुका, जिल्हा राहिले. मला वाटलं, हा पत्ता बिनचूक टाइप करणारा नवरदेव महाराष्ट्रात जन्मला नसेल. ताई, जन्मले होते. चांगले डझनभर होते.

रामराव रोज संध्याकाळी येत, पडद्याबाहेर रांगेत उभं राहिल्यासारखे थांबत आणि विचारत, "डाक आली का?" डाक मी आधीच वाचलेली असे. कोणी वर्ध्याचा इंजिनिअर, कोणी वणीच्या खाणीतला, कोणाचा स्वतःचा प्लॉट. मी एक कप्पा केला, नाव ठेवलं 'विचाराधीन', आणि सगळे नवरदेव परस्पर त्यात जातील अशी सोय लावली. समोर रिकामी पेटी पाहून रामराव म्हणायचे, लग्नसराई ढिली दिसते. पण वर्ध्याचा इंजिनिअर चिवट. 'उत्तर नाही, उत्तर नाही' म्हणून पुन्हा पुन्हा लिहू लागला. एका दुपारी त्याने फोटोही पाठवला, मोटारसायकलला टेकून, काळा चष्मा. माझं डोकं फिरलं. सुट्टीवर जाणाऱ्या साहेब लोकांसाठी मेलमध्ये एक सोय असते, आपण नसताना मशीनच सगळ्यांना उत्तर देतं. त्यात वाक्य तयार होतं : मी बाहेरगावी आहे, परत येण्याची तारीख निश्चित नाही. मी फक्त 'मी' खोडून 'मुलगी' केलं. वाटलं, थकतील, सोडून देतील. मला त्यात दुसरं काही दिसलं नाही, शपथ.

तू बाईमाणूस, तुला लगेच दिसलं असेल. लग्नाची पोरगी बाहेरगावी आहे आणि परत यायची तारीख निश्चित नाही, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो.

रुपालीच्या हिंगणघाटच्या मामांनी एक स्थळ कळवलं होतं. त्यांना हे उत्तर गेलं. पटेना म्हणून त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर गेलं. मग मामा-मामी मिळेल त्या गाडीने निघाले, सोबत केळी घेऊन, जसं मयताच्या घरी भेटायला जातात तसं. मामीने गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावला. पदर डोळ्याला लावून ती दारात शिरली, समोर जी उभी होती तिच्या गळ्यात पडली आणि रडू लागली, "आमची रुपाली गेली वो माय, कोणासंग गेली वो!" जिच्या गळ्यात पडली ती रुपालीच होती, हातात झाडू. ती म्हणाली, "मामी, मी अंगण झाडून राह्यली." मामी आणखीच जोरात रडली, आता आनंदाने. पण शेजारच्यांनी पहिलंच रडणं ऐकलं होतं.

इथवर मी हसतच लिहितो आहे. पण पुढे हसू येत नाही. त्या कप्प्यात एकेका घरून नकार येऊन पडले, 'आमचं दुसरीकडे जमलं.' वर्ध्याच्या इंजिनिअरचं तर एका दिवसात जमलं. रामराव डाक पाहायला यायचे बंद झाले. स्टँडवर चालत्या गाडीत उडी मारणारा तो माणूस, ताई, मान खाली घालून भिंतीकडेने चालताना मी पाहिला. आणि काल दुपारी पडदा सरकला. रुपाली.

"बाहेरगावी कोण गेलतं?"

मी म्हटलं, कोणी नाही, ती कॉम्प्युटरची सेटिंग असते.

"कॉम्प्युटरले माह्या लग्नाचा एवढा राग काहून आला?"

खोटं मला टिकवता येत नाही, डोकं आधी तापतं. मीच तिच्यावर ओरडलो, की होय, मी केलं, सगळे नवरदेव मी कोंडून ठेवले, तुले काळ्या चष्म्याचा इंजिनिअर पाहिजे असन तर आताच्या आता काढून देतो! देवीलालने हातातला चहा खाली ठेवला. शेजारच्या मशीनवरचा पत्रकारही टाइप करायचा थांबला. रुपाली रडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तू बाबाले फसवलं. मशीनले उत्तर द्यायले लावलं. पण मले काय पाहिजे, हे मले इचारलं कवा?"

ती स्टूल ओढून बाजूला बसली. "उघड बाबाचं खातं. ज्याले ज्याले ते गेलं, त्या सगळ्याइले लिहायचं. मी सांगते, तू टाइप कर." मी टाइप केलं : मुलगी घरीच आहे, ती कुठेही गेली नव्हती. आमच्याकडून चुकीचे उत्तर गेले, त्याबद्दल क्षमा असावी. मुलीने मुलगा पसंत केला आहे. तरी आपण तसदी घेऊ नये.

माझी बोटं अडकली. मी विचारलं, कोणता मुलगा?

"टाइप कर ना."

नाव टाकू का?

"नाव त्याच्या घरचे लोक आमच्या घरी येऊन सांगतीन. पाठव अगोदर."

पाठवलं. ती उठली, आणि जाता जाता म्हणाली, उद्या बाबा खातं बंद करायला येणार आहेत, गेलेली डाक पाहून घेतील. ती गेल्यावर मी देवीलालला विचारलं, कोणता मुलगा असेल रे? त्याने कपाळावर हात मारला. "आता हेही मशीनले इचारतो का, गधड्या?"

भाऊजींना जयभीम, लहानग्यांना गोड पापा.

तुझाच,
राजदीप

ता. क. : खरं काम हे आहे. तू आणि भाऊजी रविवारी पहिल्या गाडीने या. मागणी घालायला मोठं माणूस लागतं, आणि कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. भाऊजी बोलायला लागले की रामराव ऐकतात. कंबर दुखत असली तरी ये. मी स्टँडवर उशी घेऊन उभा राहीन.

ता. क. दुसरा : रामरावांनी ती डाक वाचायच्या आधी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे, 'विचाराधीन' कप्प्यासकट. मारतील बहुतेक. मारलं तरी रविवारचं पक्कं समज.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो, तर आईने विचारलं, कुठे चालला? म्हटलं, रामरावांकडे. बाबा आतून म्हणाले, "हा शर्ट घालून जाऊ नको." एवढंच. मी त्यांचा पांढरा घातला, बाह्या लांब होतात, दुमडल्या. जातो ताई. पत्र वाटेत पेटीत टाकतो. दार ओढून घेतो.