हिरव्या ट्रंकीचं प्रस्थान

गजानन बाबाची नजर राहो

मु. धाड, मळ्यावरून
धोंड्याचा महिना, शुक्रवार

थोरल्या कोकिळाबाईले धाकट्या पंचफुलाचा पाया पडून नमस्कार. बाई, तू कशी हायेस, तुह्या सासूचे गुडघे कसे हायेत, अर्जुनरावायची तब्येत बरी हाय ना (बरीच असंन, ज्याचा पहिला नंबर लागते त्याले साधी सर्दी बी होत नाई). इकडे आम्ही सारे बरे हावोत. माही यमू आता बसाले लागली. अर्जुनरावायले नागपूरच्या शेतकी कॉलेजात एमेस्सीले पहिल्या नंबरानं घेतलं आन् वरून शिकाले सरकारचा दर महिन्याचा पैसा, वजिफा, बी भेटला, हे तुह्या चिठ्ठीतून समजलं, तुह्या पेढ्यातून बी समजलं. आत्याबाईनं (माही सासू, सत्यभामाबाई, तू तिले मांडवात पाह्यलं, तवापासून ती सगळ्याच बाजूनं वाढली हाय) एक पेढा तोडला, खव्यात साखर लय हाय म्हणे, आन् बाकीचे शिंक्यावर ठेवून देल्ले. मले अर्धा भेटला. तो घशात अटकला. पेढा कोरडा होता, दुसरं काई नाई.

मले काई जळण नाई, बाई, हे मी आधीच लिहून ठेवते. जळाले कारण पाह्यजे. आपल्या दोघी चुलत बहिणीचं लग्न एका मांडवात झालं, खर्च वाचवाले. दोन्ही नवरदेव अकोल्याले एका वर्गात शिकणारे. तू थोरली म्हणून उंच नवरदेव तुह्या वाट्याले आला आन् उरला तो माह्या. दोघीले दोन ट्रंका देल्ल्या. तुह्या निळ्या ट्रंकीवर मोर होता, माह्या हिरव्या ट्रंकीवर कमळ, आन् कमळाची एक पाकळी रंगवणारा काढाचीच भुलला. लहानपणी तुहा परकर तुले आखूड झाला का मले भेटे. मी कधी बोलली? तुमचा दोघायचा खामगावले काढलेला फोटो भितीले लावला हाय म्हणतेस, लाव. आम्ही फोटो काढला नाई, पण चेहरे आम्हाले बी हायेत. अर्जुनराव परीक्षेले गेले का तुह्या नावानं कार्ड टाकत. आमच्या घरचे मामाजीच्या (माहे सासरे, उकंडराव) नावानं टाकत आन् खाली लिहित, 'घरात सर्वांस सांगणे.' त्या सर्वांत मी हाय. मी, आत्याबाई, यमू, दोन बैलं आन् मोत्या कुत्रा.

आता आमची हकीकत आईक. यायचं बी नाव कॉलेजच्या यादीत आलं, पण खालच्या अंगाले, वेटिंगमधी. वेटिंग म्हणजे काय हे मळ्यावर कोणालेच समजे ना. मंग मामाजीनं समजावून सांगतलं: येष्टी भरली हाय, आपला शालिग्राम खाली उभा हाय, आतला कोणी उतरला का हा चढंन. झालं. तवापासून आत्याबाईले एकच ध्यास, कोण उतरते. बाजारात ती मेथी इकाले बसली का लोकं इचारत, 'काऊन व सत्यभामाबाई, उतरलं का कोणी?' आन् बाई, खोटं काऊन लिहू, आत्याबाईची पहिली नजर तुह्याच घरावर गेलती. 'अर्जुनरावाले कुठी नोकरी लागली तर बरं होईन, नाई व?' असं म्हणे. मी म्हणलं, आत्याबाई, तो माह्या बहिणीचा नवरा हाय. तर म्हणे, 'मंग चांगली नोकरी लागो.'

उतरला तो वर्धेकडचा कोणी पोरगा. त्याले पंचायत समितीत नोकरी लागली. आत्याबाईले त्याचं नाव नाई, गाव नाई मालूम, तरी त्याच्यासाठी नारळ फोडला. कॉलेजचं कार्ड आलं, येत्या सोमवारी फी घेऊन हजर राहा, नाईतर जागा खालच्या माणसाले जाईन. साऱ्या मळ्यात आनंद झाला. मंग यायनं कार्ड पुन्हा वाचलं तवा खालची ओळ दिसली, का वजिफ्याची यादी वेगळी हाय आन् तिच्यात बी तुमचं नाव वेटिंगमधी हाय. म्हणजे येष्टीत चढाले भेटलं, पण उभ्यानं. मामाजी म्हणे, 'वजिफा नाई तर नाई, आपल्या मिरच्या हायेत.'

त्या दिवशी भाकरी वाढता वाढता मी यायले इचारलं, मंग माहं कसं? ते म्हणे, 'तुहं काय? तू घरीच. दोन वर्सं काय, पाहता पाहता जातीन.' मी म्हणलं, अर्जुनराव तर बाईले नेऊन राह्यले, सीताबर्डीले खोली पाह्यली, दारातच नळ हाय म्हणते. तर म्हणे, 'त्याले वजिफा हाय.' आन् जेवाले लागले. तवा मले समजलं वजिफा कायचा असते. मी समजत होती पुस्तकायचा असते. तो बायको नेण्याचा असते. ज्याले वजिफा त्याची बायको नळावर, ज्याले नाई त्याची हिरीवर. हा माणूस वाईट नाई, बाई. मिरचीचं रोप काढलं तर मुळाशी माती ठेवून काढते, हळूच. पण त्याले मी आन् घर वेगळे दिसतच नाई. घर जथी, तथी मी, जशी चूल. चुलीले कोणी इचारते का, तू येतेस का म्हणून?

(नळाचं मी आत्याबाईले बी वाचून दाखवलं. ती म्हणे, नळाचं पाणी पेल्लं का बाईचं दूध आटते. मी म्हणलं, कोकिळाबाईले तर दुधाचं कामच नाई सध्या, तिले काय भेव. हे मी लिहाले नव्हतं पाह्यजे, पण शाईनं लिहिलं, आता पुसत नाई.)

मले भेव वाटते, बाई. हे मी हासत लिहीन म्हणलं होतं, पण जमत नाई. यमूची छाती भरली का ती श्वास घेताना कुत्र्याच्या पिल्लावानी कुईकुई करते, ओठ निळे पडतात. हे घरी असले तर तिले खांद्यावर टाकून दवाखान्यात पळतात, चप्पल बी घालत नाईत. मागं हे परीक्षेले गेलते तवा भर दुपारी तिले असं झालं. आत्याबाई बाजारात, मामाजीच्या डोळ्यात मोतीबिंदू. मी एकटीच पळत गेली. डाक्टरनं इचारलं, कधीपासून हाय, काय पाजलं, किती महिन्याची. माह्या तोंडातून माह्या पोरीचं नाव बी निघे ना. बाजूची एक बाई म्हणे, 'चवथी शिकेल असंन, म्हणून घाबरली.' जसं काई सातवी शिकेल बाईच्या लेकराचे ओठ निळे पडले तर ती पाढे म्हणते. तुले डाक्टरसमोर बोलता येते, मास्तरसमोर बोलता येते, सासूसमोर बी येते म्हणतेस. आन् नागपूर बी तुलेच, मोठा दवाखाना बी तुलेच, जिले दवाखान्याचं कामच नाई.

तर सोमवार जवळ येऊन राह्यला होता, आन् मले वाटलं बाबा मले पावला, कारण धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावयाले धोंडे चारावं, दान करावं, पण नवं काम सुरू करू नये, मोठ्या कामाले उंबऱ्याबाहेर पाय काढू नये. आत्याबाईनं सांगून देल्लं, निज श्रावण लागला का जाय. हे म्हणे, 'आई, कॉलेजले अधिक महिना नसते.' आत्याबाई म्हणे, 'मंग तेराव्या महिन्यात तथी शिकवतात तरी काय?' बीएस्सी झालेला माणूस उठून बैलायले पाणी दाखवाले गेला. जिनं परक्या पोरासाठी नारळ फोडला तीच आता दारात आडवी. मी चुलीपाशी बसून बाबाले हात जोडले. (मी काई मागतलं नाई, ध्यानात ठेव. नुसते हात जोडले.)

पण गावात जोशीबुवा हायेत. ते म्हणे, महिना लागायच्या आधी प्रस्थान ठेवलं असंन तर चालते. तुले आठवते ना, आपले आजोबा कुठी जायचे असले आन् जायचा दिवस वाईट निघाला तर आधीच चांगल्या दिवशी आपलं गठुडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवत, पदराले तांदूळ-सुपारी बांधून? गठुडं निघालं म्हणजे माणूस निघाला, मंग तो घरात बसून भाकर का खाईना. आता आमच्यात कोणी ठेवलं होतं प्रस्थान? कोणीच नाई. मी मनात म्हणलं, सुटली. तर आत्याबाईले माही हिरवी ट्रंक आठवली. शेजारच्या इमलबाईनं पोरीच्या लग्नात आहेर ठेवाले नेलती, ती वैशाखापासून तिच्याच वसरीत पडली हाय (मी मागाले गेलती, तर माह्या हातात कढी देऊन माघारी पाठवलं). त्या ट्रंकीत तळाले यायचा एक जुना सदरा राह्यला होता. झालं. सदरा उंबऱ्याबाहेर, म्हणजे शालिग्राम वैशाखातच निघाला. मामाजी म्हणे, 'मंग आपण याले इतके दिवस उगीचच जेवाले घालून राह्यलो.'

आता ट्रंक तथी, सामान अथी, आन् प्रस्थानाची ट्रंक घरात माघारी आणता येत नाई. आत्याबाईनं मले बोट दाखवून सांगतलं, 'ज्याचं सामान बाहेर पडलं तो माणूस निघाला. सामान माघारी उंबऱ्यात आलं का त्याच माणसावर बितते. मंग तो कोणी बी असो.' म्हणून ट्रंक सामानाकडे येईना तर सामान ट्रंकीकडे नेलं. सकाळी सदरे, मंग पुस्तकं, मंग लोणच्याची बरणी, मंग पुन्हा पुस्तकं, यमू काखेत. माह्या नवऱ्याले माह्यापासून दूर धाडाचं, आन् खेपा मीच घालून राह्यली. दर खेपेले इमलबाई झाकण उघडून पाहे आन् म्हणे, 'एवढंच व? माह्या जावयाच्या ट्रंकीवर तर माणूस बसवून कडी लावा लागली.' शेवटच्या खेपेले ती म्हशीले पाणी पाजाले गेलती. मी एकटीनं भरलं, नीट दाबलं, कुलूप लावलं.

मामाजीनं असं ठरवलं का चार दिवसाचे कपडे पिशवीत आन् ट्रंक संगं घेऊन यायनं तुह्या घरी यावं, तथून अर्जुनरावायसंगं नागपूरले जावं, फी भरून जागा धरावी. जड ट्रंक तुह्या घरी हिवऱ्यालेच राहीन. निज श्रावणात तू बिऱ्हाड हालवशीन तवा तुह्या सामानासंगं ती बी नागपूरले नेजो. हे पत्र तेच तुह्या हातात देतीन. मी शितानं चिकटवीन, पण चिकटवाचं काम नाई. ते दुसऱ्याची चिठ्ठी वाचत नाईत, आन् बायकोची तर नाईच वाचत.

तुह्या सासूले नमस्कार सांगजो. फोटोले हार घालू नोको, जिवंत माणसाच्या फोटोले घालत नाईत, तुले हाऊस लय म्हणून लिहिलं.

तुही अजिबात न जळणारी बहीण,
पंचफुला

ता. क. आत्याबाई बाजूले बसून लिहाले लावून राह्यली का अर्जुनरावायनं कॉलेजातल्या साहेबापाशी शालिग्रामच्या वजिफ्यासाठी शब्द टाकावा, आन् पेढे चांगले होते असं बी लिही म्हणे. लिहिलं.

दुसरं ता. क. आत्याबाई शेळी सोडाले गेली. वजिफ्याचं मी माह्या मनानं बी लिहिते. अर्जुनरावायनं शब्द टाकावा. आन् नाई भेटला तर दोन बाया एका चुलीवर सैपाक करतीन तर खर्च किती कमी होते, हा हिशोब यायले येष्टीत सांगावा. मी सांगतलं तर ते जेवाले लागतीन. पुरुषानं सांगतलेलं त्यायले आईकू येते.

तिसरं ता. क. किल्ली या चिठ्ठीत हाय, ट्रंक तू एकटी असशीन तवा उघडजो. वरतं सदरे आन् पुस्तकं हायेत. त्याच्या खाली माहे दोन लुगडे, यमूची गोधडी आन् तिची वेखंडाची डबी. लुगड्याच्या पदराले तांदूळ आन् सुपारी बांधली हाय, आजोबा बांधत तशी. म्हणजे आम्ही दोघी बी निघालो. धोंड्याच्या महिन्यात कशा निघाल्या असं कोणी म्हणलं तर सांगजो का ट्रंक वैशाखातच सुटलती, ह्या चालत्या येष्टीत चढल्या. आता हे सामान माघारी पाठवणं तुह्या हातात नाई, माह्या नाई आन् आत्याबाईच्या बी नाई; बितते, तिनंच सांगतलं, कोणी बी असो म्हणाली. तुह्या बिऱ्हाडासंगं ट्रंक निघाली का मले कार्ड टाक, माह्या नावानं टाक, आम्ही मागून येतो. खोलीत मधात लुगड्याचा पडदा बांधू. नळावर पहिला नंबर तुहा, मी मागून भरीन, मले सवय हाय. फक्त यमूचा एक गडू तेवढा आधी भरू देजो.