कपाशीतला गुलाब

खामगाव,
मंगळवार, ४ सप्टेंबर २०१८

दादास काजलचा नमस्कार.

माझी तब्येत ठीक आहे. तुमची खुशाली वहिनीकडून कळते. आपल्या शेजारचे दयारामकाका डोळे तपासायला इथे आले होते, ते दुपारच्या चिखली गाडीने परत निघालेत. त्यांच्याजवळ हे पत्र, एक खोका आणि ओल्या पोत्यात बांधलेलं एक रोप दिलं आहे. रोप वहिनीचं आहे. खोका तुझा. पत्र आजच वाच. वाचून फाडलंस तरी चालेल.

मी सध्या काय करते हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. अकोल्याची नोकरी जानेवारीत सोडली. इथे एका रोपवाटिकेत आहे, आणि संध्याकाळी दोन तास गुलाबप्रेमी मंडळाचं काम बघते. मंडळ म्हणजे मुळात अठ्ठावन्न माणसं आणि त्यांच्या गच्च्या. अध्यक्ष रहेमतुल्ला चाचा. जिनिंगमध्ये फिटर होते, आता एकशे बारा कुंड्या सांभाळतात. सदस्य व्हायचं तर आपल्या हाताने वाढवलेलं एक फूल घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचं, असा मंडळाचा जुना रिवाज. चाचा फूल फिरवून बघत, देठ चाचपत, डोळे मिटून वास घेत आणि मग वहीत नाव लिहीत. एका प्राध्यापकांना त्यांनी ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. म्हणाले, "सर, हे तं हाराचं हाये. वाढवून आना, मंग या."

मलकापूरचे, नाशिकचे लोक फोन करून सदस्यत्व मागू लागले, तेव्हा मंडळाने ऑनलाइन सभासद घ्यायचं ठरवलं. अर्ज मी तयार केला. नाव, गाव, फोन, गुलाबाची जात, फुलाचा फोटो. चाचांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"सगळं ठीक हाये, बेटा. वास कोठी घेते हे?"

"वास नाही घेता येत, चाचा."

"मंग गुलाब हाये हे त्याले समजते कसं?"

मी म्हटलं, लोक खोटं फूल कशाला पाठवतील?

"खोटं नाही पाठवत व कोनी. ज्याले जे गुलाब वाटते, ते पाठवते."

मी ते हसण्यावारी नेलं. पहिल्या आठवड्यातच एकाने जास्वंद पाठवली, एकीने साडीवरचं फूल. एकेक फोटो बघत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी अशी सोय केली की अर्जाला फोटो जोडलेला असला की निरोप आपोआप जावा. निरोपाचं वाक्य माझंच आहे: "अभिनंदन! आपला गुलाब मंडळाने पाहिला असून स्वीकारला आहे." कोणीही काहीही पाहिलेलं नसे.

शनिवारी चाचांच्या ओट्यावर बसून मी नवी नावं वहीत उतरवून घेत होते. एकसष्टावा अर्ज: गीता ज्ञानेश्वर, मुक्काम उंद्री. आपली वहिनी. जातीच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "कपाशीतला गुलाब". निरोप तिला शुक्रवारीच गेला होता.

फोटो मी मोठा करून बघितला नाही. गरज नव्हती. पाकळ्या एकमेकींत पिळलेल्या, टोकाशी घट्ट मिटलेल्या. दिसायला अगदी गुलाबाची कळी. तिला डोमकळी म्हणतात. गुलाबी बोंडअळी आत शिरून पाकळ्या आतून तोंडाच्या धाग्याने शिवून घेते, म्हणून ते फूल उमलत नाही. वहिनीने हौसेने पाठवलं, तिचा काही दोष नाही. ज्याला जे गुलाब वाटतं, ते तो पाठवतो.

मी तिथूनच फोन लावला. वहिनी इतकी खुशीत होती की मला मधे बोलू देईना. "काजल, माह्यं मेंबरपण झालं व! गुलाब पास झाला माहा. आता मेंबरायले देतात ते कलम भेटन ना मले?" मी म्हटलं, वहिनी, हे फूल कपाशीच्या कुठल्या तासातलं, कुठल्या ओळीतलं आहे, अशी किती आहेत? ती म्हणाली, लय हायेत, विहिरीकडून. मग मी ते काय आहे ते सांगितलं. तिने फोन तुझ्याकडे दिला.

तू म्हणालास, "गेल्या पोळ्याले तूनंच तं सांगतलं होतं, उन्हानं होते म्हून. औंदाही ऊनच हाये." आणि ठेवलास. त्यानंतर मी चार वेळा लावला. उचलला नाहीस. वहिनीचाही बंद येतो.

तुझं बरोबर आहे. जिला एकदा फूल ओळखता आलं नाही, तिचं दुसऱ्यांदा कोणी कशाला ऐकावं? यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मी वर्षभर दिलेलं नाही.

गेल्या साली पोळ्याला, २१ ऑगस्टला, मी घरी होते. तू अंगणात बैलांची शिंगं रंगवत होतास. ढवळ्या पायाचा बैल मान हलवत होता, म्हणून तुझ्या सदऱ्यावर लाल रंग उडाला होता. वहिनीने वावरातून येताना अशीच एक कळी आणून वेणीत खोचली आणि मला विचारलं, "पाय व, कशी दिसते?" मी म्हटलं, छान आहे. मग तू विचारलंस, "काजल, औंदा असे फुलं लय हायेत, काही रोग तं नाही?" मी ती कळी वहिनीच्या वेणीतून काढून गोठ्यामागे गेले. नखाने पाकळ्या सोडवल्या. आत अळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरट. अजून गुलाबी व्हायची होती. मी ती नालीत टाकली, हात धुतले आणि येऊन तुला सांगितलं, उन्हाने झालं असेल.

मला ओळखू आलं होतं, दादा. पहिल्या नजरेत.

त्या वेळी मी बियाणे कंपनीच्या सल्ला केंद्रात फोन घेत होते. बीटी कपाशीवर बोंडअळी येते हे शब्द फोनवर उच्चारायचे नाहीत, अशी आम्हाला ताकीद होती. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत "हवामानामुळे फुलांत विकृती" असं सांगायचं. दिवसाला चाळीस लोकांना मी ते सांगत होते. पण अंगणात फोन नव्हता, ऐकणारा साहेब नव्हता. तिथे तू होतास. कंपनीचं नाव पुढे करून मला सुटता येणार नाही, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. सणाच्या दिवशी नको, उद्या सांगू, असंही मनात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीने मी अकोल्याला निघून गेले.

डिसेंबरात मी आले तेव्हा वेचणी चालू होती. गोजरबाईने ओटीतला कापूस तुझ्यासमोर धरला. "हे कापूस नाही ज्ञानेश्वरभाऊ, निरी किडकी कवडी हाये. बोंड उघडता उघडता बोटं सोलून निघते. म्या उद्या नाही येत." तू सगळ्या बायांसमोर हसून म्हणालास, "आमच्या घरात शेतीची डिगरी हाये, मावशी. डिगरीले फूल ओळखू नाही आलं, तं आपुन कोन?" बाया हसल्या. मी खाली बघितलं. मला लाज वाटली असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. मला हायसं वाटलं होतं. अडाणी ठरणं मला परवडत होतं.

जानेवारीत तू बैलजोडी विकलीस. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. ते मी प्रायश्चित्त म्हणून केलं असं मला म्हणता येणार नाही. फोन वाजला की मला ते वाक्य तोंडातून काढता येईनासं झालं होतं, इतकंच.

२१ ऑगस्टला मी सांगितलं असतं, तर सगळं पीक वाचलं असतं, असं मी लिहिणार नाही. ते पुन्हा खोटं होईल. अर्धं वाचलं असतं, कदाचित. जोडी विकावी लागली नसती, हेही कदाचित.

आता यंदाचं. अजून वेळ गेलेली नाही. खोक्यात बोंडअळीचे पतंग पकडायचे दहा कामगंध सापळे आहेत. चार एकरांत सारख्या अंतरावर लाव, झाडाच्या शेंड्याच्या वर वीतभर राहतील असे. विहिरीकडच्या तासांत उद्या सकाळी सगळ्यांनी उतरा आणि दिसेल ती डोमकळी तोडून थेट पिशवीत टाका. बांधावर टाकू नका, जाळा. त्यानंतर निंबोळी अर्क. सापळ्यात रोज सकाळी किती पतंग पडले ते लिहून ठेव. सलग तीन दिवस एकेका सापळ्यात आठ किंवा जास्त आले तर मला कळव, पुढची फवारणी कोणती ते मी सांगेन. माझं नाव ऐकायचं नसेल तर तालुक्याच्या कृषी सहायकाला हा कागद दाखव. आणि डिसेंबर संपला की भाव कितीही चढो, तीच झाडं पुढे राखून फरदड घेऊ नकोस. पऱ्हाट्या उपटून टाक.

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. विहिरीकडच्या दहा कळ्या तोड, नखाने उघड आणि आत बघ. तुला जे दिसेल ते खरं.

रोपाविषयी. शनिवारी मी फोन ठेवला तेव्हा चाचा समोरच होते. मी वहीतलं वहिनीचं नाव खोडायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला. "खोडू नको. फूल खोटं हाये, मेंबर खरी हाये." त्यांनी गावठी गुलाबाचं एक कलम काढून दिलं. वहिनीला सांग, याला बहर आला की पहिलं फूल घेऊन तिने चाचांच्या ओट्यावर यायचं आहे. ते वास घेणार आहेत. आपोआप जाणारा निरोप मी त्याच दिवशी बंद केला. आता प्रत्येक फोटो कोणीतरी बघतं. सध्या मीच बघते.

पोळा रविवारी आहे. यंदा मातीचे बैल पुजणार आहात, असं वहिनी मागे म्हणाली होती. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. बोलावलंस, तर गोजरबाई आणि त्या सगळ्या बाया असताना बोलाव. वरची हकीकत मला त्यांच्यासमोर सांगायची आहे.

आईला नमस्कार.

फूल ओळखून गप्प राहिलेली,
तुझी बहीण
काजल